बाटली क्रमांक एकशे सतरा

हेरबोर्ग, तू आता निवृत्त झालीस म्हणून सांगते.
त्या वर्षी दर पंधरवड्याला तू फेरीबोटीतून उतरायचीस
आमच्या क्लाक्सविकच्या धक्क्यावर, धुकं असो नसो.
वजन, रक्तदाब, दोन नळ्या रक्त,
आणि तपकिरी काचेची बाटली, तिच्यावर नुसता आकडा.
आत मासळीचं तेल की ऑलिव्हचं,
मला ठाऊक नाही, तुलाही नाही.
दोघींच्या डोळ्यांवर पट्टी.
तिसाव्या आठवड्यापासून रोज चार गोळ्या.

तू कागदावर वार काढून दाखवलीस, ताटलीएवढी.
आईच्या रक्तातली चरबी इथून पलीकडे जाते, म्हणालीस,
सरसकट नाही, निवडून निवडून;
शेवटच्या महिन्यांत तर उपसाच चालतो
लांब साखळीच्या आम्लांचा.
त्यातून मेंदू, त्यातून डोळ्याचा पडदा,
आणि कदाचित त्यातूनच चरबीच्या पेशींना पहिले धडे:
साठवायचं किती, सोडायचं किती,
इन्शुलिनने दार वाजवलं की कडी काढायची की नाही.
"कदाचित" हा शब्द तू दोनदा म्हणालीस.
मी तो तेव्हा ऐकला नाही.

मला डोहाळे रुबार्बच्या मुरंब्याचे.
हायनी बोटीवरून आला की त्याच्या स्वेटरला कॉड, केसांना कॉड,
उशीलाही.
गोळी ओठांशी नेली की पोट ढवळून यायचं.
आठवडाभर गिळल्या.
मग नाही.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात.
आमचा ब्रान्डुर माझ्याकडे एकटक बघत तेल प्यायचा.
मी सुईने गोळी टोचायची, बशीत पिळायची,
तो बशी अशी चाटायचा की धुवायला नको.
तू उरलेल्या गोळ्या मोजायचीस. हिशेब चोख.
"किती गं नेमाची तू!"

ट्रोंडुर चार किलोंचा झाला.
नाळ कापली तेव्हा तिच्यातलंही नळीभर रक्त
तू बर्फात घालून नेलंस.

ब्रान्डुर एकोणीस वर्षं जगला.
शेवटपर्यंत अंगावर अशी चकाकी, शेजारणी विचारायच्या, काय घालतेस?
आणि ट्रोंडुर, एकतिसाव्या वर्षी,
अनशापोटी साखर काठावर, यकृतावर चरबीचा थर.
डॉक्टरने विचारलं: रात्रपाळी? गोड पेयं? वडिलांना मधुमेह?
मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स धरून बसले होते,
पुढचा प्रश्न माझ्याकडे वळणार म्हणून.
वळला नाही.
मग मीच तो घरी घेऊन आले.
रात्री गोळ्या मोजायची: चार चोक सोळा,
पुढे दोनशेच्या वर कुठेतरी झोप लागायची.

गेल्या मंगळवारी तुमच्या संस्थेचं पत्र आलं.
आभार, आणि आता पट्टी सोडत आहोत.
एकशे सतरा: ऑलिव्ह.

म्हणजे मासळी त्या बाटलीत नव्हतीच.
वास हायनीचा होता, बंदराचा होता, की माझाच?
ब्रान्डुरला कळलं असणार. बोलला नाही.

मी हसले, मग थांबले.
कारण पोराला दिलं ते काही कमी नव्हतं:
मुरंबा, उकडलेले बटाटे, वाऱ्यावर सुकवलेलं मेंढीचं मांस,
तीन-तीन आठवडे हायनीची बोट न परतल्याची जाग.
त्याची बाटली नव्हती. त्याला आकडा नव्हता.

रविवारी ट्रोंडुर बुटांच्या नाड्या बांधत होता,
हल्ली दीपगृहापर्यंत चालत जातो.
सांगून टाकलं.
"माझ्या वाटचं तेल मांजराने खाल्लं?"
हसता हसता पायरीवर बसला.
मग एक नाडी हातात तशीच धरून म्हणाला,
"तुला इतका त्रास व्हायचा तेव्हा?"

हेरबोर्ग, तू रक्त विचारलंस, वजन विचारलंस,
सगळं नीट लिहून घेतलंस, तुझा दोष नाही.
पण तुमच्या त्या मोठ्या कोष्टकात,
ऑलिव्हच्या रकान्यात, दशांश चिन्हाच्या जरा उजवीकडे,
एक मांजर बसलंय.
खोडायचं तर खोड.